इथे हात कुणाला जोडायचे?

"चपला काढायच्या का गं?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता आईंनी सँडलचा पट्टा सोडवायलाही घेतला होता. तोलेदोमधल्या सांता मारिया ला ब्लांकाचं दार. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मिरजेच्या, उन्हाळ्यात आमच्याकडे माद्रिदला आलेल्या. दारावरच्या माणसाने हसत हसत हातानेच 'राहू दे' केलं, आमच्या मनगटांवरचे पट्टे बघितले आणि आत सोडलं. आत एकदम पांढरं. नुसत्या कमानीच कमानी, नालाकृती, एकीच्या आडून दुसरी, दुसरीच्या आडून तिसरी, खांबांच्या माथ्यावर कोरलेली पाईनची फळं आणि एकमेकींत गुंतलेल्या वेली, आणि जूनच्या उन्हातून आल्यावर अंगाला लागणारा तो गारवा. आई मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. ओढणी डोक्यावर घेतली, मग परत खाली घेतली. हात छातीपर्यंत आले आणि तिथेच थांबले. "इथे हात कुणाला जोडायचे?"

मी म्हटलं, आई, इथे आता प्रार्थना वगैरे होत नाही, म्युझियमसारखंच आहे. बांधलं कुणी? ज्यू लोकांनी, आठेकशे वर्षांपूर्वी, त्यांचं प्रार्थनाघर होतं हे. मग नाव मारियाचं कसं? नंतर चर्च केलं ना त्याचं. पण कमानी तर मशिदीच्या वाटतायत. हो, बांधायची पद्धत तीच होती तेव्हा सगळीकडे. आणि राज्य कुणाचं होतं? ख्रिश्चन राजाचं. बरं, आता मालक कोण? चर्च. पण चर्च चालत नाही? नाही. एवढं झाल्यावर आई गप्प झाल्या, आणि ते हात ना धड जोडलेले ना धड सोडलेले, हळूच पर्सच्या बंदावर गेले.

माझी उत्तरं बरोबर होती सगळी. त्यातलं एकही त्यांच्या प्रश्नाचं नव्हतं, एवढंच.

खरं तर सकाळ मजेत सुरू झाली होती. प्रवास म्हटला की डबा पाहिजेच म्हणून आईंनी आदल्या रात्री दशम्या करून शेंगदाण्याच्या चटणीसोबत फॉइलमध्ये बांधून घेतल्या होत्या, आणि माद्रिदच्या अतोचा स्टेशनाहून सुटलेली गाडी जेमतेम अर्ध्या तासात तोलेदोला लागली, डब्याचं झाकण उघडायलाही वेळ नाही, त्यामुळे त्या जरा खट्टूच झाल्या. पण स्टेशन बघून खूश. विटांची नक्षी, रंगीत टाइल्स, कोरीव लाकडाची तिकीट खिडकी, झुंबरं. "झालं की बघून, हेच ना ते जुनं?" मी म्हटलं नाही हो, हे १९१९ सालचं, जुन्यासारखं दिसावं म्हणून मुद्दाम अरबी वळणाने बांधलेलं. त्या वळणाची माणसं चारशे वर्षांपूर्वी देशाबाहेर घालवली आणि मग रेल्वे स्टेशन मात्र त्यांच्यासारखं बांधलं, हे मला कितीही वेळा गेलं तरी गंमतशीर वाटतं. गंमतशीर म्हणावं की नाही कुणास ठाऊक.

स्टेशनाबाहेर थोडं चाललं की समोर शहर दिसतं, खडकावर चढून बसलेलं, तीन बाजूंनी ताहो नदीचा वेढा आणि सगळ्यात वर तो चौकोनी अल्काझार, जुना राजवाडा. बाकीचे लोक फोटो काढतात. आपली माणसं असं काही बघितलं की किल्ला बघतात, आईंनीही नजर वर नेली, खाली नदीकडे आणली आणि विचारलं, "एवढ्या वर पाण्याची सोय काय?" आणि ह्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे झकास उत्तर होतं. सोळाव्या शतकात हुआनेलो तुरियानो नावाच्या इटालियन घड्याळजीने नदीच्याच प्रवाहाच्या जोरावर चालणारं एक यंत्र बसवलं, पाणी जवळजवळ शंभर मीटर वर अल्काझारपर्यंत चढवणारं, आणि ठरल्यापेक्षा जास्तच पाणी चढलं. मग नगरपालिका म्हणाली, पाणी तर सगळं राजवाड्यालाच जातंय, आम्ही पैसे का द्यायचे? राजाने दुसरं यंत्र बसवायला सांगितलं. शेवटी म्हातारा कर्जात बुडून १५८५ साली गेला. आई म्हणाल्या, "सरकारी कंत्राट." एवढंच.

जूनमध्ये कॉर्पस क्रिस्ती ह्या ख्रिस्ती सणाची मिरवणूक असते, त्याच्या आधी बरेच दिवस गल्ल्यांवर पांढरट कापडाचे मांडव ताणून ठेवतात, घराच्या कौलापासून समोरच्या कौलापर्यंत. खाली मऊ सावली, वर वाऱ्याने कापड फुगतं आणि फट्‌ करून बसतं. त्या सावलीतून गेलं की दोन्ही हातांना दुकानं, आणि दुकानांत तलवारी. भिंतभर तलवारी, सिनेमातल्या, नाटकातल्या, पत्रं फोडायच्या छोट्या, छत्रीच्या दांड्यात लपवलेल्या. तोलेदो म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला महाराजांची तलवार आठवणार नाही असं होणारच नाही. भवानीचं पातं इथलंच ही कथा लहानपणापासून कानावर असते. मराठ्यांच्या हातात युरोपात घडवलेली पाती होती, पोर्तुगीजांमार्फत ती कोकणात उतरायची, इथवर सगळं ठीक, त्यापुढे कथा सुरू होते आणि कथेशी कोण वाद घालणार. आईंनी एक उचलून बघितली, तोल बघितला, ठेवून दिली. "धार नाही."

त्यांना कळतं ते. मिरजेत सतारमेकर गल्लीच्या आसपासच त्यांचं लहानपण गेलं, आणि तिथली सतारी-तंबोरे घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारं बनवणारी, धार लावणारी. संस्थानांच्या लढाया सरल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्याच हातांनी पंढरपूरकडचे भोपळे घेतले आणि वाद्यं करायला लागले, आज देशभरातले गवई तंबोरा घ्यायला मिरजेला येतात. तोलेदोचा शस्त्रांचा कारखाना कार्लोस तिसऱ्याने १७६१ मध्ये काढला, तो बंद पडून तिथे आता विद्यापीठाचा कॅम्पस आहे, आणि शहरात उरल्या त्या शोभेच्या तलवारी. दोन्हीकडे लढाई संपली. एकीकडे लोखंड सोडून लाकूड धरलं, दुसरीकडे लोखंड धरून ठेवलं आणि धार सोडली.

एका दुकानाच्या काचेमागे म्हातारा कारागीर बसला होता, आम्ही बराच वेळ त्याच्यापुढे उभ्या. पोलादाच्या छोट्या तबकडीवर आधी आडव्या-उभ्या बारीक रेघा ओढून ती खरखरीत केलेली, त्यावर केसासारखी सोन्याची तार बोटाने वळवत, टोच्याने दाबत, हातोडीचे अगदी हलके ठोके देत तो पान भरत होता, आणि पान म्हणजे किती, तर माझ्या करंगळीच्या नखाएवढं. सगळं झालं की तबकडी रसायनात उकळून काळी करायची, सोनं तेवढं पिवळं राहतं. "बिदरी की ही," आई म्हणाल्या. बिदरला चांदी असते आणि खाली जस्त, पण काळ्यावर रेघ उमटवायची युक्ती तीच. त्यांच्या माहेरी बिदरीचा पानाचा डबा होता, तो कुणाकडे गेला यावर पुढची दहा मिनिटं गेली. ते इथे लिहीत नाही, नातेवाईक वाचतात.

कॅथेड्रलबद्दल काय लिहू. ते मोठं आहे, १२२६ ला पाया घातला आणि १४९३ पर्यंत काम चालू होतं, आणि आत गेल्यावर पहिली काही मिनिटं माणूस नुसता वर बघत राहतो. वर छताला अधूनमधून तांबड्या रंगाच्या, विटलेल्या, गोंडे लोंबणाऱ्या टोप्या टांगलेल्या दिसतात. त्या कार्डिनल लोकांच्या. ज्याला जिथे पुरलं त्याच्या डोक्यावर त्याची टोपी टांगायची आणि ती आपोआप कुजून खाली पडेपर्यंत काढायची नाही. मागच्या बाजूला छतालाच भोक पाडून वरून ऊन आत घेतलंय, १७३२ मध्ये, आणि त्या उन्हाच्या झोतात संगमरवराचे देवदूत, ढग, मासेसुद्धा नुसते ओसंडून चाललेत. मला ते जरा जास्तच वाटतं. आईंना आवडलं.

पण त्या खऱ्या रमल्या त्या कॉयरमध्ये, म्हणजे मधोमध पाद्री लोकांच्या बसायच्या कोरीव खुर्च्या असतात तिथे. तिथे एक गोरी मारिया आहे, अलाबास्टरची, चौदाव्या शतकातली. कडेवरच्या बाळाने आईची हनुवटी धरलीये आणि ती त्याच्याकडे बघून हसतेय, अगदी घरातली बाई हसते तशी, ओठ किंचित एका बाजूला. आईंनी तत्काळ हात जोडले, डोळे मिटले, पुटपुटल्यासुद्धा. तिथे विचारलं नाही कुणाला म्हणून. माझं लक्ष मात्र खालच्या ओळीतल्या खुर्च्यांच्या पाठींकडे होतं. त्यांवर ग्रानादाच्या, म्हणजे दक्षिणेतल्या शेवटच्या मुसलमानी राज्याविरुद्धच्या लढाईतले चोपन्न प्रसंग कोरलेत, एकेका गावाचा पाडाव, तटाखाली शिड्या, दारात किल्ल्या देणारा सरदार. दक्षिणेत लढाई चालू होती तेव्हाच इकडे सुतार हे कोरत होता, म्हणजे आजच्या बातम्या जणू लाकडात. वर ती हसणारी आई आणि खाली हे, एकाच चौकात, आणि दोन्ही इतकं सुंदर कोरलेलं की आधी कोण आणि नंतर काय हे डोळ्याला कळतच नाही.

मुख्य वेदीच्या तिथे एका खांबावर अजून एक पुतळा आहे, गाइडने दाखवला नाही तर दिसायचा नाही. मुसलमान फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, अबू वलीद. अल्फोन्सो सहाव्याने १०८५ ला तोलेदो घेतलं तेव्हा तह असा की मोठी मशीद मुसलमानांकडेच राहील. कथा सांगतात की राजा बाहेरगावी गेलेला असताना राणी आणि फ्रेंच आर्चबिशपने रातोरात ती ताब्यात घेतली. राजा संतापून परत निघाला, आता दोघांची धडगत नाही, तर हा फकीहच वाटेत आडवा गेला, म्हणाला महाराज, क्षमा करा त्यांना. मग राजाने क्षमा केली. मशीद काही परत मिळाली नाही. आज तिच्याच जागेवर हे कॅथेड्रल उभं आहे आणि ह्या माणसाला आत, अगदी गाभाऱ्यात म्हणावं अशा ठिकाणी जागा मिळालीये, थँक्यू म्हणून. कथेत किती खरं किती खोटं ते सोडा. पण पुतळा उभा करणाऱ्यांना ह्यात काही विचित्र वाटलं नाही हे तर खरंच आहे ना.

तिथून उतारावर क्रिस्तो दे ला लूझ. पिटुकली इमारत, नऊ घुमट्या, आणि प्रत्येकीची आतली जाळी वेगळी, एकीसारखी दुसरी नाही. बाहेर विटांतच अरबी अक्षरं काढून बांधल्याचं साल दिलंय, हिजरी ३९०, म्हणजे इसवी ९९९ संपता संपता. ही मात्र मशीदच, आणि पुढे हिलाही शेपटीसारखा चर्चचा भाग जोडलेला. दंतकथा अशी की १०८५ ला राजाचा घोडा इथे येऊन गुडघ्यावर बसला, उठेना, मग भिंत फोडली तर आत क्रूसावरचा ख्रिस्त आणि त्याच्यापुढे तेवणारा दिवा, मुसलमानी राज्य आल्यापासूनचा. रस्त्यात पांढरा दगड आहे तिथे, घोडा बसला ती जागा. मी हे रंगवून सांगितलं. आईंनी हिशोब केला. "म्हणजे पावणेचारशे वर्षं? तेल कोण घालत होतं?"

मला हसूच आवरेना. पण नंतर वाटलं की तोलेदोबद्दल विचारावा असा खरा प्रश्न हाच आहे.

मनगटावरच्या पट्ट्याचं सांगायचं राहिलं. तोलेदोत एक पट्टा मिळतो, एकदा बांधला की काढायचा नाही, आणि त्यावर सात ठिकाणं बघता येतात. आईंच्या पाटल्यांच्या मागे तो बसला तेव्हा "हॉस्पिटलात अ‍ॅडमिट केल्यासारखं वाटतंय" म्हणाल्या. त्या सातांत चर्चेस आहेत, मठ आहे, ही मशीद आहे आणि ला ब्लांकाचं ते पांढरं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघरपण आहे. एकच पट्टा, तिन्ही धर्म, आणि पैसे जातात चर्चकडे. शहरभर 'तीन संस्कृतींचं शहर' असं लिहिलेलं असतं, मग्जवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर. तिन्हींच्या इमारती आहेत हे खरं. दोघांची माणसं नाहीत. स्पेनमधल्या ज्यूंच्या संघटनेने मध्यंतरी मागणी केली होती की ला ब्लांका निदान प्रतीक म्हणून तरी आम्हाला परत द्या. अजून पट्टा चालतोच आहे.

ला ब्लांकातून बाहेर पडून थोडं पुढे सान हुआन दे लोस रेयेस, इसाबेल-फर्नांडो ह्या राणी-राजाने बांधलेला मठ, राणीच्या मनात स्वतःची समाधी इथे व्हावी असं होतं, नंतर ग्रानादा जिंकल्यावर बेत बदलला. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर उंचावर लोखंडी बेड्या लटकवल्यात, ग्रानादाकडच्या कैदेतून सोडवलेल्या ख्रिश्चन लोकांच्या. काळ्या, गंजलेल्या, ओळीने. त्या भिंतीच्या सावलीत बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. दुपारचे दोन, ऊन पांढरं झालेलं, दशमी उन्हाने मऊ पडलेली, चटणीचं तेल फॉइलला लागलेलं, शेजारी एक जपानी जोडपं, त्यांनाही आईंनी दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

तिथे बसून मी आईंना साइदचं सांगितलं. साइद अल-अंदलुसी, अकराव्या शतकातला तोलेदोचा काझी. शहर ख्रिश्चनांकडे जायच्या थोडंच आधी, १०६८ मध्ये, त्याने एक पुस्तक लिहिलं, कोणकोणत्या लोकांनी ज्ञानात भर घातली त्याचं, आणि त्यात आठ जनसमूह घेतले आणि पहिलं प्रकरण दिलं भारताला. आपल्या अंकांचं कौतुक, बुद्धिबळाचं कौतुक, कलीला आणि दिम्नाचं, म्हणजे आपल्या पंचतंत्राचं कौतुक. भारत त्याने कधी बघितला नाही. त्याच काळात तोलेदोत अझ-झर्काली ग्रहांची गणितं करत होता, आणि पुढे ती तोलेदोची कोष्टकं लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर चालली. त्या काळच्या लॅटिन ग्रंथांत जगाच्या मध्यरेषेवरचं एक गाव येतं, अरिन. ते उज्जैन, अरबी अक्षरांतून वाचता वाचता बदललेलं. मग राज्य बदललं तरी पुस्तकं राहिली, इटलीहून क्रेमोनाचा जेरार्ड नावाचा माणूस टॉलेमी ह्या जुन्या ग्रीक ज्योतिर्विदाच्या एका ग्रंथासाठी इथे आला, तो इथेच राहिला, अरबी शिकला, सत्तरच्या वर पुस्तकं लॅटिनमध्ये नेली. आणि १२५१ मध्ये कलीला आणि दिम्ना इथल्या कास्तेलियन भाषेत आलं, पुढे राजा झालेल्या अल्फोन्सो दहाव्याच्या आज्ञेवरून, जो जन्मला होता तोलेदोतच. करटक आणि दमनक, दोघे कोल्हे, विष्णुशर्म्याच्या घरून निघून पहलवी, अरबी असं करत करत कुठे पोचले बघा. हे सांगताना मी एवढी रंगले की चटणी ड्रेसवर सांडली. आई ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "पुस्तकं राहिली ते बरं झालं. माणसं का गेली?"

ते एका दिवसात झालं नाही. ज्यूंच्या वस्तीतून चालताना फरसबंदीत मधेमधे छोट्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स बसवलेल्या दिसतात, सात दिव्यांच्या समईचं चित्र, हिब्रू अक्षरं, की बाबा तुम्ही आता त्या वस्तीत आहात. नाहीतर कळायचं नाही. तिथे एल त्रान्सितो आहे, दुसरं सिनेगॉग, ह्याला पट्टा चालत नाही, हे सरकारी म्युझियम. पेद्रो राजाच्या खजिनदाराने, साम्युएल हा-लेवीने, १३५७ च्या सुमाराला बांधलेलं. बाहेरून साधंच. आत भिंतीच्या वरच्या अंगाला चुन्याच्या नक्षीची झालर फिरते, त्यात हिब्रू स्तोत्रं, त्यातच अरबी अक्षरं, त्यातच कास्तियाच्या राजाचे किल्ला-सिंह, एकाच हाताने ओढल्यासारखं, मान दुखेपर्यंत बघितलं तरी कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते सापडत नाही. एवढं राजाचं नाव कोरून ठेवलं आणि तीनेक वर्षांतच राजाने त्याला पकडलं, छळ केला, त्यातच तो सेव्हियात गेला. पैसा कुठे लपवलाय ते सांग म्हणून.

१३९१ मध्ये दंगली झाल्या, स्पेनभर, तोलेदोतही, ज्यू मारले गेले, बरेच बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. आता सुटलो असं त्यांना वाटलं असेल. तर १४४९ ला ह्याच तोलेदोत बंड झालं आणि बंडवाल्यांनी फतवा काढला की ज्याच्या रक्तात ज्यू आहे त्याला शहरात अधिकाराचं पद नाही, तो कितीही पिढ्यांचा ख्रिश्चन का असेना. शुद्ध रक्ताचा हा असला पहिला कायदा. पुढे १५४७ मध्ये आर्चबिशप सिलिसेओने कॅथेड्रललाही तोच नियम लावला, आणि ह्याच सिलिसेओने ला ब्लांकात वेश्याव्यवसायातून बाहेर पडलेल्या बायकांसाठी आश्रम काढला होता, माणसं एका रंगाची नसतात. आईंना मी हे सगळं सांगितलं नव्हतं, रक्ताचं फक्त सांगितलं. त्या वरच्या मजल्यावर बायकांच्या बसायच्या जागी टेकल्या होत्या, गुडघा चोळत. "धर्म बदलूनपण आजा-पणजा विचारायचे? म्हणजे जात नाही ती जात." स्पॅनिश इतिहासाची जाडी पुस्तकं मी वाचली आहेत, एवढ्या थोडक्यात कुठे सापडलं नव्हतं.

१४९२ ला राहिलेल्यांना चार महिन्यांची मुदत, बाप्तिस्मा घ्या नाहीतर निघा. गेलेल्यांनी घराच्या किल्ल्या सोबत नेल्या आणि इस्तंबूल, सालोनिका, मोरोक्कोत पिढ्यानपिढ्या जपल्या असं सांगतात. स्पेनने २०१५ साली कायदा करून त्यांच्या वंशजांना नागरिकत्व देऊ केलं, २०१९ ला ती मुदत संपलीसुद्धा. किल्ल्यांची गोष्ट सांगताना माझा गळा नेहमी थोडा भरून येतो. आई म्हणाल्या, "कुलूपं बदलली असतील गं एव्हाना." आणि मग थोड्या वेळाने, "पण तरी ठेवणारच की माणूस."

खाली उतरताना त्या परत एकदा हॉलमध्ये थांबल्या. पूर्वेच्या भिंतीत तीन छोट्या कमानी आहेत, जिथे ग्रंथ ठेवत. रिकाम्या. "दिवाबत्ती नाही गं कुठे," म्हणाल्या, तक्रारीच्या सुरात नाही, घरात कुणी नसताना म्हणतो तसं. तेव्हा मला ला ब्लांकातलं ते हात थांबणं जरा कळलं. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात आई लहानपणापासून जातात, उरसाला तर हमखास, तिथल्या चिंचेच्या झाडाखाली रात्रभर गाणं चालतं, अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथेच आहे. तिथे त्यांना कधी प्रश्न पडला नाही हात कुणाला जोडायचे. कुणीतरी आत्ताच फुलं वाहून गेलेलं असतं, लोबानाचा धूर असतो, कुणाचं तरी पोर रडत असतं. देव कुणाचा हा मुद्दाच येत नाही, कुणाचा तरी चालू आहे एवढं पुरतं. कॅथेड्रलमध्येही मेणबत्त्या जळत होत्या, म्हातारी एक गुडघ्यावर होती, म्हणून त्या मारियापुढे हात आपसूक गेले.

आता ह्याचं चित्र गोड करून ठेवावं असं वाटतं, आमची मिरज कशी आणि तोलेदो कसं. पण त्याच मिरजेत २००९ च्या गणपतीत एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली आणि कितीतरी दिवस गाव बंद होतं. आई तेव्हा घरात एकट्या होत्या. त्यानंतरच्या उरसाला गेलात का, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. "गेले. पण त्या वर्षी लवकर परत आले." एवढंच बोलल्या होत्या, आणि तोलेदोच्या त्या गार हॉलमध्ये मला ते वाक्य का आठवलं ते वेगळं सांगायला नको.

शेवटी सांतो तोमे, एल ग्रेकोचं ते प्रचंड चित्र, ओर्गाथच्या सरदाराचं दफन. क्रीट बेटावरून आलेला ग्रीक माणूस, व्हेनिस-रोम करत १५७७ मध्ये इथे आला आणि मरेपर्यंत राहिला, आणि त्याच्या चित्रातली माणसं लांबट, फिकट, आतून पेटल्यासारखी. चित्रात चिलखत घातलेला मृत सरदार, त्याला उचलणारे दोन संत, वर उघडलेलं आकाश, मागे काळ्या कपड्यांतले तोलेदोचे प्रतिष्ठित, सगळ्यांच्या माना वेगवेगळ्या दिशेला, आणि डावीकडे खाली एक लहान मुलगा आपल्याकडे बघत बोट दाखवतोय. तो चित्रकाराचा मुलगा. खिशातून रुमाल डोकावतोय त्यावर बापाची सही आणि १५७८, पोराचं जन्मसाल. गर्दी खूप, एक मिनिट उभं राहू देत नाहीत. पण चित्रामागची भानगड आईंना चित्रापेक्षा आवडली. सरदार १३२३ मध्ये गेला, जाताना लिहून गेला की ओर्गाथ गावाने दरवर्षी ह्या चर्चला दोन मेंढरं, सोळा कोंबड्या, दोन बुधले वाइन, दोन गाड्या सरपण आणि आठशे नाणी द्यायची. दोन-अडीचशे वर्षांनी गावाने हात आखडता घेतला. इथल्या पाद्र्याने कोर्टात खेचलं, जिंकला, १५६९ मध्ये, आणि लोकांना परत विसर पडू नये म्हणून हे चित्र काढवून घेतलं. "दिवाबत्तीचं इनाम," आई म्हणाल्या, "आमच्या आजोळच्या मारुतीचं अस्संच झालंय, फक्त चित्र नाही काढलं कुणी."

मार्झिपान घेतल्याशिवाय तोलेदोतून निघता येत नाही. बदाम आणि साखर, बाकी काही नाही, वर भट्टीचा तांबूस डाग. चंद्रकोरीच्या आकाराचं एक आईंनी तोंडात टाकलं, डोळे मिटून चघळलं. वेलदोडा पाहिजे होता असा निकाल दिला आणि मिरजेला न्यायला दोन डबे घेतले.

परतीच्या गाडीत त्यांनी पट्टा तोडायला माझ्याकडे नेलकटर मागितलं. तो तुटेना, मग दाताने. "अजून कुठे आहे असलं बघण्यासारखं?" मी म्हटलं कोर्दोबा आहे, तिथली मशीद म्हणजे काय सांगू, शेकडो खांब, तांबड्या-पांढऱ्या कमानी, आणि त्या जंगलाच्या बरोब्बर मध्ये खांब तोडून चर्च बांधलंय.

"नमाज होतो?"

"नाही. चर्चमध्ये प्रार्थना होते रोज."

"आणि तिकीट कोण घेतं?"

"चर्चच."

"जाऊ या की मग. शनिवारचं बघ. आणि ह्या वेळी गाडी जरा हळू जाणारी बघ, डबा तरी खाता येईल."